बाबांची खरबुजं आणि यांची शुगर

पत्र पुण्यातल्या एका वाचक भगिनीचं आहे. नाव-गाव अर्थातच गाळलं आहे.

माहेर सोलापूर जिल्ह्यातलं. वडिलांनी द्राक्षबाग काढून टाकली आणि गेली काही वर्षं ते ठिबक-मल्चिंगवर उन्हाळी खरबूज करतात. पहिला तोडा झाला की पुण्याकडे येणाऱ्या गाडीत लेकीसाठी एक क्रेट ठेवलेला असतो, स्वतः निवडून भरलेला. गेल्या दिवाळीनंतर नवऱ्याच्या रक्तात साखर निघाली. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.१; गोळी सुरू झाली. वय ४६. त्या दिवसापासून घरात गोड बंद. यंदाचा क्रेट आला तेव्हा या बाईंनी सगळी खरबुजं सोसायटीत वाटून टाकली, उरलेली कामाच्या मावशींना दिली आणि नवरा कामावरून यायच्या आत रिकामा क्रेट गच्चीवर नेऊन ठेवला. रात्री बाबांचा फोन आला. "गोड निघाली का गं? यंदा माल तेराचा आहे." या म्हणाल्या, "साखरेसारखी होती बाबा, ह्यांनी तर दोन खाल्ली." नवऱ्याला संध्याकाळी रोज एक सफरचंद देतात. सासूबाईंचं म्हणणं, खरबुजात असतं काय, नुसतं पाणी, आणि दुधाबरोबर दिलं तर विषच. आता दुसरा क्रेट यायच्या बेतात आहे. त्या विचारतात, बाबांना पाठवू नका म्हणून सांगू, की आहे तसंच चालू ठेवू? शेवटचं वाक्य त्यांच्याच शब्दांत देते : "खरबूज इतकं गोड असतं, ते मी यांना कसं देऊ?"

ताई,

तुमचं पत्र वाचून झालं आणि आधी बाजारात गेले. एक खरबूज आणलं, वरती जाळी नीट धरलेलं, देठाच्या जागी वास येणारं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर १ किलो १४० ग्रॅम भरलं. कापलं, बियांचा गाभा चमच्याने काढला, साल उतरवली आणि फक्त केशरी गर पुन्हा काट्यावर ठेवला. ६४० ग्रॅम. म्हणजे क्रेटमधून उचलताना जे हाताला जड लागतं, त्यातलं जवळपास निम्मं आपण खातच नाही. हे पहिल्यांदा सांगते आहे, कारण तुमच्या डोळ्यांपुढे आहे तो भरलेला क्रेट, आणि यांच्या पोटात जायची आहे ती एक वाटी. या दोहोंत फार अंतर आहे.

आता त्या वाटीत काय असतं ते बघू. तुमच्या घरात खरबुजाबद्दल दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात नुसतं पाणी, तुम्ही म्हणता नुसती साखर. तुम्हा दोघींचंही थोडं थोडं खरं आहे.

केशरी गराच्या खरबुजाचे जे आकडे मी वापरते ते अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातले आहेत. १०० ग्रॅम गर घेतला तर त्यात ९० ग्रॅम पाणी. सासूबाईंचा हिशेब एवढ्यापुरता पक्का. राहिलेल्या दहात ८ ग्रॅमच्या आसपास साखर, जेमतेम १ ग्रॅम तंतू, त्याहून थोडी कमी प्रथिनं आणि नावाला स्निग्धांश. सगळ्या मिळून ३४ कॅलरी. इथवर वाचलं तर वाटेल की पाणी आणि साखरच तर आहे, कस कुठे आहे? तो मिलिग्रॅममध्ये आहे. त्याच १०० ग्रॅममध्ये सुमारे ३७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम लागतं आणि बाईला ६५. म्हणजे एका वाटीत निम्म्याच्या आसपास गरज भागते. आणि खरबूज आपण कच्चंच खातो, त्यामुळे भाजी शिजवताना क जीवनसत्त्वाची जी नासाडी होते ती इथे होत नाही. त्यात पुन्हा २००० मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. गाजराला रंग देतं तेच हे. शरीर त्यातून अ जीवनसत्त्व तयार करतं. तक्त्याच्या हिशेबाने १२ भाग कॅरोटीनमागे एक भाग, म्हणजे १०० ग्रॅमला १७० मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर. नुसतं पाणी एवढं देत नाही, हे सासूबाईंना तुम्ही जरूर सांगा.

मात्र हे सगळं केशरी गराचं झालं. हिरवट गराचं खरबूज असतं, आपल्याकडे 'हरा मधु' नावाचा वाण आहे तसं, त्यात साखर साधारण तेवढीच पण कॅरोटीन जवळजवळ नाहीच. तक्त्यात हिरव्या गराच्या हनीड्यू खरबुजापुढे अ जीवनसत्त्व १७० च्या जागी फक्त ३ लिहिलेलं आहे. क जीवनसत्त्वही निम्म्यावर येतं. चवीला तेही छान लागतं, तक्रार काही नाही. पण 'खरबूज' या एका शब्दात किती वेगवेगळी फळं बसतात ते यावरून कळावं. कलिंगड घेतलंत तर हिशेब आणखी बदलतो : साखर १०० ग्रॅमला ६ च्या थोडी वर, क जीवनसत्त्व ८ मिलिग्रॅम, आणि लाल रंग टोमॅटोत असतो त्याच लायकोपीनचा.

तुमची भीती अर्थात जीवनसत्त्वांची नाही, त्या ८ ग्रॅम साखरेची आहे. त्यावर सविस्तर बोलते.

पहिली गोष्ट, जिभेला लागणारी गोडी आणि फळातली साखर यांचं प्रमाण सारखं नसतं. खरबुजात आंबटपणा जवळजवळ नसतो. लिंबू-संत्र्यासारखं आम्ल साखरेला झाकायला नसलं की थोडी साखरही जिभेवर मोठी होऊन बसते. त्यात खरबुजाचा तो वास. फळ कापलं की सगळ्या घरात घमघमाट सुटतो आणि नाक जिभेला आधीच सांगून ठेवतं की गोड येतंय. उलट डाळिंब, द्राक्षं ही आंबटगोड लागतात म्हणून आपण बिनधास्त असतो आणि द्राक्षात १०० ग्रॅमला १५ ग्रॅम साखर असते. केळ्यात १२, आंब्यात साडेतेरा. आणि तुम्ही रोज संध्याकाळी देता त्या सफरचंदात १०.४.

होय, सफरचंदात. तक्त्यातलं खरबूज ८ वर आणि सफरचंद १० वर. मध्यम आकाराचं एक अख्खं सफरचंद १८० ग्रॅमचं धरलं तर यांच्या पोटात रोज १९ ग्रॅम साखर जाते आहे आणि तुमचा जीव त्याबद्दल अगदी निर्धास्त आहे. असं का झालं असेल? आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदं न्यायची, डॉक्टरही 'एखादं सफरचंद खा' म्हणणार, फळवाला ते कागदात गुंडाळून ठेवणार. त्याला आपण पथ्याचं फळ करून टाकलंय. खरबूज मात्र उन्हाळ्यात हातगाडीवर ढीग लावून मिळतं, म्हणून ते चैनीचं. सफरचंदाची बाजूही सांगायला हवी. सालीसकट खाल्लं तर त्यात तंतू अडीच ग्रॅमच्या जवळ असतात, खरबुजात एकच. त्यामुळे सफरचंदातली साखर रक्तात सावकाश उतरते, खरबुजातली त्या मानाने लवकर. त्या दृष्टीने सफरचंद उजवं आहे. क जीवनसत्त्वात ते खरबुजाच्या आसपासही फिरकत नाही, ५ मिलिग्रॅमही भरत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी अडकून बसले, तिच्याकडे येते. 'यंदा माल तेराचा आहे.' तुम्ही ती ओळ बाबा बोलले तशी उतरवलीत आणि पुढे गेलात. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

बाबा द्राक्षबागायतदार होते म्हणालात. म्हणजे गोडी मोजायचं ते लहान दुर्बिणीसारखं यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर, त्यांच्याकडे असणार. काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळी-पांढरी रेघ जिथे मिळते तो आकडा म्हणजे ब्रिक्स. रसात विरघळलेले सगळे घटक शंभरात किती, ते तो सांगतो. फळाच्या रसात त्यातला बहुतेक भाग साखरच असतो, थोडी आम्लं, क्षार वगैरे. तेव्हा 'तेराचा माल' म्हणजे बाबांच्या खरबुजात १०० ग्रॅमला साधारण ११ ग्रॅम साखर धरायला हवी. तक्त्यातले ८ तुमच्या क्रेटला लागू होत नाहीत. तक्ता सरासरीचा असतो, आणि तुमचे बाबा सरासरी माल पिकवत नाहीत.

म्हणून मी तुम्हाला 'खरबुजात साखर कमी असते, खुशाल द्या' असं सांगणार नाही. बाबांच्या खरबुजात आणि सफरचंदात साखर जवळपास सारखी आहे, असं सांगेन. त्यावरून उत्तर सोपं होतं : प्रमाणात द्या, आणि सफरचंदाच्या जागी द्या.

प्रमाण किती? माझ्या त्या ६४० ग्रॅम गराचे मी पाच भाग केले. एक भाग १२८ ग्रॅमचा, आमटीच्या मोठ्या वाटीत शिगोशीग बसला. तेराच्या मालाचा हिशेब धरून त्यात १४ ग्रॅम साखर. ३० ग्रॅम कणकेच्या एका चपातीत २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे ही वाटी चपातीहून कमीच. ग्लायसेमिक इंडेक्स नावाचा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो खरबुजाचा ६५ च्या आसपास दिलेला असतो आणि तो वाचून लोक दचकतात. पण तो आकडा साखर रक्तात उतरण्याचा फक्त वेग सांगतो, किती साखर गेली ते सांगत नाही. वेग आणि प्रमाण यांचा गुणाकार केला (६५ गुणिले १४, भागिले १००) तर ९ येतात. दहाच्या आत असलेलं हलकं मानतात. म्हणजे एक वाटी चालते, पण काठावर. दुसरी वाटी घेतली की काठ ओलांडला. 'ह्यांनी तर दोन खाल्ली' हे खोटं निदान खरं करू नका, ताई.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात निरोगी माणसाच्या दिवसभराच्या ताटात फळं १०० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत. आपल्या घरांत बहुधा उलटं असतं. तेव्हा खरबुजाची वाटी दिलीत त्या दिवशी सफरचंद नको, आणि जेवणातली पालेभाजी वाढवा.

केव्हा द्यायचं, तर जेवणावर गोड म्हणून नको. चपाती-भात झाल्यावर त्यावर आणखी १४ ग्रॅम चढतात. दुपारी चार-साडेचारला द्या, आणि सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा पाच-सहा बदाम. दाण्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर जरा धीम्याने उतरते, शिवाय ते केशरी कॅरोटीन तेलातच विरघळणारं असल्यामुळे अंगीही लागतं. फोडी करूनच द्या. रस काढलात की वाटीचा ग्लास होतो आणि ग्लासात दोन वाट्या कधी गेल्या ते कळत नाही.

आणि साखर भुरभुरवायची नाही. हे वेगळं सांगायला लागतं, कारण आपल्या लहानपणीच्या खरबुजात ती असायचीच. माझी आजी खरबूज किसायची, त्यावर साखर घालून माठाशेजारी झाकून ठेवायची आणि तासाभराने पाणी सुटलं की वाट्या भरायची. तेव्हाचं गावठी खरबूज बरंचसं फिकं असायचं, साखरेशिवाय घशाखाली उतरायचं नाही. तीन चमचे साखर म्हणजे १२ ते १५ ग्रॅम, जवळजवळ फळाइतकीच वरून. खरबूज 'इतकं गोड' ही तुमच्या मनातली समजूत थोडीफार त्या वाटीतूनही आली असेल. बाबांच्या तेराच्या मालाला वरून कशाची गरज नाही.

एवढा हिशेब मी कागदावर केला. यांचं शरीर काय म्हणतं ते यांनाच बघायला लागेल, आणि ते अवघड नाही. घरात साखर तपासायचं यंत्र असेल तर एका दुपारी खायच्या आधी एकदा बोट टोचायचं, मग वाटीभर खरबूज खायचं, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा. मध्ये चहा-बिस्किट नको, एरवी नसलेला मोठा फेरफटकाही नको. असं दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि तसंच एकदा सफरचंदावर करा. सगळे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांना खाण्यानंतर १८० च्या आत राहायला सांगतात, यांची मर्यादा वेगळी असेल तर डॉक्टर सांगतील. त्याच भेटीत मूत्रपिंडाच्या तपासणीचं, क्रिएटिनिनचंही विचारा. यांचं ते ठीक असेल तर प्रश्न नाही. पण हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, खरबुजात १०० ग्रॅमला २६७ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. सव्वा वाटी खाल्लं की एका केळ्याएवढं होतं. मूत्रपिंड नीट काम करत असेल तर हे पोटॅशियम रक्तदाबाला चांगलंच. पण ज्यांना मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम कमी करायला सांगितलंय, ते केळं टाळतात आणि 'नुसतं पाणी' म्हणून खरबूज खात राहतात. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

सासूबाईंच्या विषाचं राहिलं. खरबूज आणि दूध एकत्र घेऊ नये असं आयुर्वेदाचे जाणकार सांगतात, ते विरुद्ध आहारात मोडतं. तुम्ही यावर वाद घालूच नका. यांना मिल्कशेक द्यायचाच नाही आहे, त्यात साखर आणि आइस्क्रीम पडतंच. तेव्हा सासूबाईंचं म्हणणं आपोआप पाळलं जातंय. 'तुम्ही म्हणालात म्हणून दुधाशिवाय देते' एवढं म्हणा, घरात एक माणूस तुमच्या बाजूला येईल.

क्रेट आला की एक काम मात्र काटेकोर करा. खरबूज जमिनीवर लोळून वाढतं आणि त्याच्या जाळीत माती अडकलेली असते. नुसतं पाण्याखाली धरून निघत नाही. वाहत्या पाण्यात ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, मगच सुरी लावा. न धुता कापलं तर सुरी सालीवरची घाण थेट गरात ओढून नेते, आणि या गराला आम्ल नसल्यामुळे जंतूंना तिथे फार सोयीचं पडतं. २०११ साली अमेरिकेत एका शेतातल्या खरबुजांमधून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरला, १४७ जण आजारी पडले आणि ३३ जण गेले. आजारी पडलेले बरेचसे वयस्कर होते. गरोदर बायकांनाही या जंतूचा धोका जास्त. तेव्हा कापलेलं खरबूज झाकून लगेच फ्रिजमध्ये ठेवायचं, ओट्यावर तास न् तास नाही. रस्त्यावर कापून ठेवलेल्या फोडी या दिवसांत घेऊ नयेत, ही माझी सगळ्यांनाच विनंती.

बिया फेकू नका. धुऊन ताटात पसरून वाळवल्या की सोलून आतला मगज निघतो, ठंडाईत घालतात तोच. कलिंगडाच्या सोललेल्या बियांत १०० ग्रॅमला २८ ग्रॅम प्रथिनं असतात. तेलही भरपूर असतं, म्हणून चमचाभरच. सोलायला वेळ फार लागतो. सासूबाईंना दुपारी बसल्या बसल्या करायला आवडत असेल तर बघा.

इथपर्यंत खरबुजाचं झालं. तुम्ही विचारलेलं खरं तर दुसरंच काही होतं.

तुम्ही दोन पर्याय लिहिलेत, बाबांना थांबवायचं किंवा लपवत राहायचं. दोन्हींत एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात, की नवऱ्याला आणि बाबांना हे पेलणार नाही. रिकामा क्रेट गच्चीवर नेऊन ठेवावा लागला, कारण यांच्या नजरेला तो पडू नये. का पडू नये? यांनी हट्ट धरला असता म्हणून? की यांना वाईट वाटलं असतं म्हणून? ४६ वर्षांच्या माणसाला एक वाटी आणि दोन वाट्या यातला फरक कळतो. आजार यांचा आहे, तो यांना पुढची तीस-चाळीस वर्षं सांभाळायचा आहे, आणि त्या सगळ्या वर्षांत तुम्ही ऑफिसात, लग्नांत, प्रवासात यांच्या ताटाशेजारी उभ्या राहणार नाही. वर सांगितलेलं बोट टोचून बघायचं काम म्हणूनच यांच्याकडे द्या. काटा यांच्या हातात, वही यांच्या हातात. तुम्ही काळजीने केलंत ते कळतं, ताई. निदान झाल्यावर पहिले सहा महिने घरातली बाई जास्त घाबरलेली असते, हे मी इतक्या घरांत पाहिलंय. पण 'गोड बंद' हा हुकूम फार दिवस टिकत नाही, आणि तो मोडला की माणूस लपून खातो. मग घरात लपवणारे दोघं होतात.

बाबांचं तर आणखी वेगळं. तुम्हाला वाटतं, जावयाला साखर आहे कळलं की त्यांना धक्का बसेल आणि आपला माल पोरीच्या घरात चालत नाही म्हणून ते मनाला लावून घेतील. पण असं बघा. खरबुजात पिष्ट साठलेलं नसतं. केळं, चिकू, आंबा हे काढून ठेवले की त्यांच्यातल्या पिष्टाची साखर होते आणि ते घरात गोड होतात. खरबुजाचं तसं नाही. वेलीवर जेवढी साखर भरली तेवढीच. तोडल्यावर ते मऊ पडेल, वास सुटेल, पण गोडी वाढणार नाही. म्हणून लांबच्या बाजारासाठी लवकर तोडलेलं खरबूज कितीही दिवस ठेवलं तरी फिकंच राहतं. तुमच्या घरी येतं ते तसं नसतं. देठ सुटायला आलेलं फळ ओळखून, ते एक-दोन दिवसांत पुण्यात पोचेल असा हिशेब करून बाबा ते वेगळं काढतात. असं फळ व्यापाऱ्याला चालत नाही, गाडीत टिकत नाही. तो क्रेट विकायच्या मालातून उरलेला नसतो, तुमच्यासाठीच पिकू दिलेला असतो. आणि तो खायला कोण आहे, किती आहे, हे त्या माणसाला माहीतच नाही. त्याला ते कळलं तर तो क्रेट बंद करणार नाही. वीस किलोच्या जागी पाच खरबुजं पाठवेल, दोन तोड्यांत विभागून. देठ सुटलेलं फळ चार-पाच दिवसांपलीकडे राहत नाही, तेव्हा तुम्हालाही तेच सोयीचं. सोसायटीत वाटायची तुमची हौस असेल तर पूर्ण क्रेट मागवा, पण मग शेजाऱ्यांनी काय सांगितलं ते बाबांना कळवा. बागायतदाराला कोणी नाव घेऊन खाल्लं की बरं वाटतं.

फोन तुम्हीच करा, क्रेट निघायच्या आधी, आणि यांना शेजारी बसवून. मागचं वाटून टाकलेलंही सांगून टाका. 'बाबा, ह्यांना शुगर निघाली, मी घाबरले आणि तुमची खरबुजं लोकांना दिली' एवढं पुरे. ते थोडा वेळ गप्प बसतील. मग औषध काय, डॉक्टर कोण, असं सगळं विचारतील, ते यांना सांगू द्या.

आणि त्यानंतर त्यांना एक प्रश्न माझ्या वतीने विचारा. खरबुजाचा गर सगळीकडे सारखा गोड नसतो, सालीजवळ फिका आणि बियांकडे गोड. मी १०० ग्रॅमला ११ ग्रॅम साखर धरली आहे ती तुमच्या त्या तेराच्या भरवशावर. तेव्हा विचारा, बाबा, तुम्ही यंत्रावर थेंब टाकता तो सालीकडच्या गराचा, की मधल्या?